हिरवा डबा

गिरीपेठेत आरटीओच्या भिंतीला टेकून माझं स्टूल,
चार ब्रश, एक चिंधी, टर्पेंटाइनची बाटली.
बत्तीस वर्षं लोकांचे आकडे लिहिले.
घरच्या गाडीला पांढरी पाटी, काळं अक्षर,
भाड्याच्या गाडीला पिवळी.
मग दिल्लीहून कागद निघाला: विजेच्या गाडीला हिरवी.
त्याच संध्याकाळी महालातून डबा आणला,
चार लिटरचा, हौसेनं.
सात पाट्या झाल्या आणि दुसरा कागद आला
की यापुढे पाट्या यंत्रातच छापायच्या.

दोन्ही कागदांखाली सही एकाच हाताची असावी, असा माझा अंदाज.
त्या हाताला माझा डबा ठाऊक असण्याचं कारण नाही.

आता मी ई-रिक्षांच्या पाठी रंगवतो.
कुणाला निळं चक्र हवं, कुणाला ताजबागचा घुमट,
कुणाला मुलीचं नाव आणि त्याखाली मोर.

उप्पलवाडीची वनमाला टेंभुर्णे आली
एप्रिलच्या टळटळीत दुपारी,
सीटवरचं प्लास्टिकही न काढता.
काय लिहू, बाई?
"थांबा नं भाऊ. गाडी माहीच हाय का नाही,
थेच समजून नाही राह्यलं."

अनुदान वजा करूनच डीलरनं किंमत सांगितली होती.
मग कुण्या तपासनिसानं मोटर उघडली,
आत एक चुंबक परदेशी निघालं.
मंत्रालयानं कंपनीचे पैसे अडवले,
कंपनीनं डीलरचे,
डीलरनं वनमालाला फोन लावला.
करंगळीच्या नखाएवढं चुंबक,
पण दिल्लीहून उप्पलवाडीपर्यंत
अठरा हजार रुपये ओढून नेले त्यानं.
"मले सांगा, मी काय मोटरच्या पोटात पाहाले गेली होती?"

आमच्याकडे निवडणुकीचा महिना पेट्रोल पंपावरच कळतो,
आकडा हलायचा थांबतो.
मतमोजणी झाली की त्याला पुन्हा पाय फुटतात.
असेच पाय फुटलेले पाहून
तिनं जुनी स्कुटी विकली होती,
गळ्यातली पोत मोडली होती.

आणि डिसेंबरात अधिवेशन आलं की सिव्हिल लाइन्स धुऊन निघते,
झाडांच्या बुंध्यांना गेरू लागतो.
गेल्या खेपेला चौकात कमान होती,
'प्रदूषणमुक्त प्रवास', बाजूला हसरं पान.
त्याच पानाखाली शिपायानं तिच्या नणंदेची रिक्षा वळवली.
"इकडून ई-रिक्षा बंद. साहेब लोक येऊन राह्यले."
साहेब लोक आले, बावीस गाड्यांतून.
बाविसाव्या गाडीचा डिझेलचा वास
नणंद बराच वेळ घेत उभी होती.

रात्री वनमाला गाडी चार्जिंगला लावते.
तिच्या गच्चीवरून कोराडीची धुराडी दिसतात,
लाल दिवे मिचकावत.
"माहा भाऊ तिकडे कोळसा लोटते, इकडे मी सवाऱ्या.
घरच्या घरातच हाय सारं."
धुराची बदली झाली, एवढंच.
शहरातून कोराडीला, सरकारी नोकरासारखी.
पण खरं सांगतो,
या फाटकासमोर बत्तीस वर्षं खोकलेला माणूस
बदलीलाही किंमत देतो.

शेवटी म्हणाली, लिहा.
देवाचं नाही, पोरीचं नाही.
"चुंबक लिहा. सवाऱ्या तरी ओढीन."

पेचकसानं डब्याचं झाकण उचकटलं.
वर जाड साय धरलेली. कापून काढली.
खाली रंग ओलाच होता.
हुडाच्या पाठीवर, काळ्या रेक्झिनवर,
हिरवं 'चुंबक', पिवळ्या किनारीचं.
शेवटचं अक्षर सुकायच्या आत उत्तरेकडून वारा आला
आणि 'क'वर करडं, बारीक काही बसलं.
पुसलं असतं तर रंगही गेला असता.

दीडशे झाले. तिनं पन्नास दिले.
"बाकीचे अनुदान आल्यावर."
वहीत तिचं नाव, गाडीचा नंबर,
आणि रकमेपुढे मी लिहिलं: प्रलंबित.

लिहून मान वर केली
तर समोर नुसता रस्ता.
गाडी निघाल्याचं मला कळलंच नाही.